अर्धा इंच आत

तुम्ही वाळलात, हे तुम्हाला पहिल्यांदा कोण सांगतं?

आरसा सांगतो, असं म्हणू नका. रोज पाहणाऱ्याला आरसा काही सांगत नाही. तो रोजच्या रोज थोडं थोडं खोटं बोलतो आणि आपल्याला ते चालतं. सांगतात ती माणसं. बायको ताट वाढता वाढता म्हणते, हे काय, गळ्याची हाडं वर आली की. बहीण दारात थबकते. आणि कोणीच नसलं तर निदान कपडे तरी सांगतात. पँट घसरते, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागतं, कॉलरमध्ये बोटं जातात. कपडे चहाड्या करतात, आणि अशा चहाडीसारखं पुण्य नाही.

मग ज्याच्या घरात दुसरं माणूस नाही आणि ज्याचे कपडे त्याच्याच मुठीत आहेत, त्याने काय करायचं?

जिन्याखाली एक दुकान आहे. वरच्या मजल्यांवरची माणसं दिवसभर डोक्यावरून चढतात-उतरतात. छत तिरकं. एका टोकाला गिऱ्हाईक ताठ उभं राहू शकतं, म्हणून तिथे उभा आरसा. दुसऱ्या टोकाला फक्त बसताच येतं, म्हणून तिथे मशीन. मागे दार, दारामागे खोली: खाट, शेगडी, पाण्याची बादली, आणि शेजारच्या इमारतीच्या पाइपांवर उघडणारी खिडकी. दुकान मास्तरांचं, खोलीही मास्तरांची. टेलरला मास्तर म्हणतात तसे सगळे त्यांना मास्तर म्हणतात, आणि पाठ वळली की ‘अर्धा इंच’.

हे नाव उगाच पडलेलं नाही. एके काळी मास्तर अख्खे सूट शिवत. आता कापड घेऊन कोणी येत नाही. लोक तयार पँट विकत आणतात आणि ती कोणालाच बसत नाही, कारण ती कोणासाठीच शिवलेली नसते. मग ती पिशवीत घालून इथे येतात. कोणी म्हणतं कमरेत ढिली, कोणी म्हणतं मांडीत फुगते, कोणाला नुसतं आपल्या नशिबाबद्दल बोलायचं असतं. मास्तर टाचण्या ओठांत धरून ऐकतात आणि शेवटी एकच सांगतात, ‘अर्धा इंच आत घेतो, बसेल.’ आणि बसते. माणूस आरशात वळून वळून स्वतःकडे बघतो, खूश होऊन जातो. मास्तरांकडे बघायचं काही कारण त्याला नसतं.

स्वतःची पँट मास्तरांनी पहिल्यांदा आत घेतली ती अशीच, सहज. एका सकाळी ती कमरेवरून जरा उतरली. दुसरा कोणी चमकला असता. मास्तरांनी ती काढली, मागची शिवण उसवली, अर्धा इंच आत घेतली, पुन्हा चढवली आणि कामाला बसले. भिंतीला भेग दिसली की गवंडी आधी थापी उचलतो. घर खचतंय का ते मागाहून बघतो. पुढे ती पुन्हा उतरली. पुन्हा अर्धा इंच. मग दुसऱ्या पँटची पाळी, मग शर्टांच्या बगला, मग कॉलरी. कॉलर लहान करणं कटकटीचं काम, पट्टी अख्खी काढून परत बसवावी लागते. गिऱ्हाइकाचं असतं तर मास्तरांनी नाही म्हटलं असतं.

कापड मात्र त्यांनी कधी कापलं नाही. आत घेतलेलं सगळं आतच दाबून ठेवलं. गिऱ्हाइकाचंही ते कापत नसत. म्हणत, माणूस पुन्हा भरतो. कापून टाकलं की भरायची वाट बंद.

केस विस्कटलेला न्हावी लोक चालवून घेतील, ढगळ पँट घातलेला टेलर नाही. त्यामुळे गल्लीत मास्तरांइतका नेटका माणूस नव्हता. शेजारचा इस्त्रीवाला, ज्याची जीभ त्याच्या इस्त्रीपेक्षा गरम, तो एकदा त्यांची पँट टेबलावर पसरून म्हणाला होता, ‘मास्तर, तुमचं कापड धुण्यात आटतं की काय हो? दर खेपेला माझी मेहनत कमी होते.’ मास्तर म्हणाले, ‘आटतं.’ इस्त्रीवाला हसला, मास्तरही हसले, आणि त्या दिवसापासून मास्तर स्वतःची पँट घरीच इस्त्री करू लागले.

दुखणं घशातून सुरू झालं होतं. आधी कोरडा पाव अडकायचा. मास्तरांनी पाव चहात बुडवला. मग भिजलेला पावही अडकू लागला, तेव्हा त्यांनी भात मऊ केला, आणखी मऊ केला, शेवटी पातळ पेज केली. आता कधी कधी पाणीसुद्धा छातीच्या मधोमध थांबायचं आणि खाली जायचं की वर यायचं याचा विचार करायचं. तेवढा वेळ मास्तर मशीनच्या चाकाला हात लावून डोळे मिटून बसत. गिऱ्हाइकाला वाटे, मास्तर हिशेब करतायत.

गल्लीतल्या डॉक्टरने गोळ्या देऊन पाहिल्या आणि मग मोठ्या हॉस्पिटलातल्या पोटाच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. त्या डॉक्टर तिथे रोज नसतात, नंबर लागायला बराच काळ गेला. चिठ्ठी देताना गल्लीतला डॉक्टर म्हणाला होता, तिथे सगळं नीट सांगा, एकदा का तुम्हाला ‘ठीक आहे’ म्हणून परत पाठवलं की पुन्हा नंबर लागेपर्यंत थांबावं लागेल, आणि थांबायला तुमच्याकडे वेळ आहे असं धरून चालू नका. मास्तरांनी हे ऐकलं. नीट ऐकलं. आणि नंबर लागला तेव्हा त्यांनी तयारीला सुरुवात केली ती कपड्यांपासून.

हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी पुठ्ठ्यावर ‘उद्या दुकान बंद’ असं खडूने लिहून दाराला टांगलं. दोघातिघांनी वाचलं. एकाने विचारलं, माझी पँट मग परवा मिळणार ना? मास्तर म्हणाले, मिळणार. बंद का, हे कोणी विचारलं नाही. मास्तरांनी उत्तर तयार ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

मग त्यांनी कोट काढला. धाकट्या भावाच्या लग्नासाठी शिवलेला, राखी रंगाचा, अजून नवा वाटावा असा. अंगात घातला तर खांदे खाली उतरले. कोट कोटाच्या जागी आणि मास्तर आत कुठेतरी. मास्तरांनी जीभ टाळ्याला लावून ‘च्च’ केलं, गिऱ्हाइकाच्या चुकीच्या मापाला करतात तसं, आणि अस्तर उसवून दोन्ही खांद्यांत कापसाची भर घातली. छातीत थोडी, पाठीत थोडी. पँट मागून पुन्हा आत घेतली. आता आत इतकं कापड जमलं होतं की बसताना टोचायचं. ते त्यांनी इस्त्रीने दाबून दाबून सपाट केलं. नवं बनियन आणून ठेवलं होतंच. आई म्हणायची, बाहेरचा कपडा लोकांसाठी आणि आतला डॉक्टरसाठी. आरशासमोर उभे राहिले तेव्हा आरशातला गृहस्थ अगदी भरल्या अंगाचा, कुठल्याशा कचेरीतून चांगल्या जागेवरून निवृत्त झाल्यासारखा दिसत होता. मास्तरांनी त्याच्याकडे समाधानाने पाहिलं. काम चांगलं झालं होतं. इतकं चांगलं, की दुखण्याला उभं राहायला जागा उरली नव्हती.

त्यांना हे कळत नव्हतं का? कळत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मूठ झाकणाऱ्याला आत काय आहे ते ठाऊक असतंच की.

कोट खुंटीला लावून त्यांनी भावाला फोन लावला. वडील लवकर गेले, तेव्हापासून या धाकट्याला मास्तरांनीच सांभाळला, शिकवला, मार्गाला लावला. त्या धावपळीत स्वतःचं लग्न राहून गेलं; कोणी विचारलं की मास्तर सांगत, मुलीच्या मापाचा मी निघालो नाही. भाऊ लांब, नोकरीच्या गावी. माणूस वाईट नाही. रविवारच्या रविवार फोन करतो. पण आज रविवार नव्हता, म्हणून तो दचकलाच.

‘दादा? आज कसा काय फोन?’

‘सहज.’

‘बरा आहेस ना?’

‘मला काय धाड भरलीय?’

मग भावाने मुलीच्या परीक्षेचं सांगितलं, गळणाऱ्या छताचं सांगितलं, नव्या साहेबाला शिव्या घातल्या. मास्तर हुंकार देत राहिले. मागून भावजय ओरडली, दादांना म्हणावं या की एकदा राहायला. मास्तर म्हणाले, येतो. ‘उद्या दवाखान्यात जायचंय, येतोस का’, एवढंसं वाक्य. तोंडात तयार होतं. पण दोघांमध्ये जन्मभर मागणी एकाच बाजूने वाहत आली होती: धाकट्याने मागायचं, थोरल्याने द्यायचं. उलट्या बाजूने कसं वाहायचं ते त्या मागणीला माहीत नव्हतं. भाऊ म्हणाला, ठेवू का मग? मास्तर म्हणाले, ठेव. आणि पलीकडचा आवाज बंद झाल्यावरही ते फोन कानाला लावून काही वेळ उभे राहिले, जणू माप घेता घेता कोणी हात वर धरायला सांगून निघून गेलं होतं.

राहिलं काय, तर बोलायचं काय ते ठरवणं. डॉक्टरांना वेळ नसतो असं त्यांनी ऐकलं होतं, आणि गिऱ्हाइकाचा पाल्हाळ त्यांना स्वतःलाही आवडत नसे. आरशासमोर उभं राहून त्यांनी पहिल्यांदा सगळं सांगून पाहिलं: पाव, चहा, पेज, पाणी, छातीच्या मधोमध. लांबलं. पाव काढला. चहा काढला. पाणी अडकतं म्हटलं तर हसतील, तेही काढलं. करता करता उरलं ते इतकंच: ‘कधीमधी जेवताना त्रास होतो.’ हे त्यांना बसल्यासारखं वाटलं. दुखणं कातरून कातरून इतकं बेतशीर झालं होतं की ते कोणाच्याही अंगाला आलं असतं.

सकाळी दुकानाला कुलूप घालताना इस्त्रीवाल्याने पाहिलंच.

‘ओहो. नवरदेव कुठे निघाले?’

‘लग्नाला.’

‘कोणाच्या?’

‘गिऱ्हाइकाच्या मुलीच्या.’

‘मग जेवा दाबून. आमच्या वाटणीचंही जेवा.’

मास्तरांनी मान डोलावली आणि ताठ चालत कोपऱ्यापर्यंत गेले. कोपरा वळल्यावर थांबले, भिंतीला हात लावला, दम खाल्ला, पुन्हा निघाले.

हॉस्पिटलात एकट्या माणसाचे हाल काय असतात, ते एकदा एकटं जाऊन बघावं. बाकड्यांवर सगळे जोडीने होते. एक दुखणारा, एक सांभाळणारा. सांभाळणाऱ्याच्या मांडीवर पिशवी, हातात पाण्याची बाटली. तोच उठून खिडकीवर विचारून येतो, अजून किती, तोच भांडतो, तोच दुखणाऱ्याला म्हणतो, तुम्ही बसा. एकट्याने लघवीला जायचं म्हटलं तर मागे जागा धरायला कोणी नाही. नंबर पुकारला तर ओ कोण देणार? मास्तरांनी म्हणून सकाळपासून पाणीच घेतलं नव्हतं. शेजारची बाई म्हणाली, तुमच्या पेशंटला आत नेलं का? इतका नेटका माणूस पेशंट असेल असं तिला वाटलंच नाही. मास्तर म्हणाले, नाही, यायचाय.

नर्सने कोटाबुटासकट वजन केलं. आधी किती होतं, विचारलं. मास्तर म्हणाले, कधी केलं नव्हतं. तिने आकडा लिहिला. मागचा आकडा नसला तर पुढच्या आकड्याला तोंड नसतं. तो बिचारा नुसता बसून राहिला.

डॉक्टर बाई होत्या, वयाने भावाच्या मुलीहून थोड्या मोठ्या, डोळ्यांखाली जागरण. वाईट नव्हत्या. दाराबाहेर गर्दी आणि आत एकट्या त्या, एवढाच त्यांचा गुन्हा. त्यांनी विचारलं, काय होतंय. मास्तरांनी बेतलेलं वाक्य सांगितलं. छातीत जळजळ? होते. खाण्यावर वासना आहे? आहे की. उलटी? नाही. पडद्याआड खाटेवर झोपवून, शर्ट वर करून त्यांनी पोट दाबून पाहिलं. पहिल्यापासून असेच बारीक का तुम्ही, असं विचारलं, आणि मास्तर म्हणाले, आमच्या घराण्यात सगळेच काटक. मग हात धुता धुता त्यांनी तो प्रश्न विचारला, जो विचारला जावा म्हणून मास्तरांना इथे पाठवलं होतं.

‘वजन घटल्यासारखं वाटतं का? कपडे वगैरे सैल होतात?’

आता तुम्हीच सांगा, कुठला टेलर याला हो म्हणेल? आचाऱ्याला विचारावं, तुमच्या हातची डाळ करपते का, तसं हे. मास्तर खाटेवर उठून बसले.

‘सैल? माझे? मी टेलर आहे, डॉक्टर.’

डॉक्टर हसल्या. दिवसभरात पहिल्यांदाच हसल्या असाव्यात. खुंटीवरच्या कोटाकडे बघून म्हणाल्या, तुम्हीच शिवलाय? छान आहे. मास्तरांची छाती फुगली. डॉक्टर टेबलाशी गेल्या, आम्लपित्ताच्या गोळ्या लिहिल्या, म्हणाल्या, महिनाभर घ्या, फरक नाही पडला तर पुन्हा नंबर लावा. आणि घाईत होत्या म्हणून, मास्तर पडद्याआड शर्ट खोचत असतानाच त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

संपलं होतं. ठीक आहे, असं ठरलं होतं. मास्तरांना आधी हायसं वाटलं, आणि त्याच्या पाठोपाठ, जिन्याची पायरी आहे समजून टाकलेला पाय हवेत पडावा, तसं काहीतरी वाटलं.

पडद्यापलीकडे एक म्हातारा आला होता आणि त्याच्याबरोबर त्याची म्हातारी.

‘काही नाही हो डॉक्टर,’ म्हातारा म्हणाला, ‘हिने उगाच आणलंय मला.’

‘तुम्ही गप्प बसा. डॉक्टर, ह्यांचं काही ऐकू नका. हे बघा.’ कापड ओढल्याचा आवाज झाला. ‘मागच्या थंडीत ह्या पँटचं बटण लागत नव्हतं. आता बघा, माझा अख्खा हात जातो आत. दोरीने बांधून आणलंय मी ह्यांना.’

‘अगं, चारचौघांत पँट काय ओढतेस.’

‘ओढणार. तुमची लाज सांभाळत बसले तर तुम्ही जायचात.’

डॉक्टरांची खुर्ची मागे सरकली. आवाज बदलला. केव्हापासून, किती, काय काय गिळता येतं, एकेक प्रश्न सावकाश येऊ लागला. म्हातारा म्हणे, काही नाही, आणि प्रत्येक ‘काही नाही’पुढे म्हातारी काहीतरी ठेवी: ताटात उरलेली पोळी, पानावरून उठून जाणं, झोपेत छाती धरणं. डॉक्टर म्हणाल्या, दुर्बिणीने आतून बघायला हवं, लवकर. म्हातारी म्हणाली, बघा, मी काय म्हणत होते.

मास्तर पडद्याआड खाटेच्या कडेवर बसले. दुसऱ्याच्या ढगळ, दोरीने बांधलेल्या पँटचा आपल्याला कधी हेवा वाटेल, असं त्यांना कोणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं. आणि आता तोच हेवा त्यांच्या घशात, घास अडकतो तिथेच, येऊन बसला होता. पँट घसरते हे दुखणं. ती घसरताना बघायला कोणी असणं, हे औषध. त्यांच्या हाताने दुखणं झाकलं होतं आणि औषध त्यांच्याकडे नव्हतंच.

त्यांचा हात कमरेवर गेला. मागे, जिथे शिवणीवर शिवण चढली होती तिथे. बोटांनी त्यांनी ती मोजली नाही, नुसती चाचपली. असा गठ्ठा एखाद्या गिऱ्हाइकाच्या पँटमध्ये लागला असता तर मास्तर टाचण्या तोंडातून काढून म्हणाले असते, अहो, आधी डॉक्टरकडे जा.

सुताराच्या कानामागे पेन्सिल, तशी टेलरच्या कोटाच्या पट्टीमागे सुई असतेच. मास्तरांनी पँट उतरवून मांडीवर घेतली, उलटी केली आणि टाके उचलायला सुरुवात केली. कालचे. मग त्याच्या आतले. मग त्याच्याही आतले. स्वतःचं चांगलं काम उसवताना हात अडखळतो. गिऱ्हाइकाचं उसवताना अडखळत नाही. बाहेरून नर्स म्हणाली, काका, झालं का? मास्तर म्हणाले, झालंच. आणि शेवटची शिवण त्यांनी दोन्ही हातांनी धरून टरकन ओढली.

पडदा सारून ते बाहेर आले ते कोट न घालता, पँट मुठीत धरून. जन्मात कधी बिनइस्त्रीच्या रुमालाने घाम न पुसलेला माणूस, मागून उसवलेल्या पँटमध्ये, तीन परक्या बायका आणि एका परक्या पुरुषासमोर उभा. नर्स म्हणाली, अहो, हे काय. म्हाताऱ्याने सभ्यपणाने तोंड फिरवलं. म्हातारीने फिरवलं नाही.

‘डॉक्टर, मी मघाशी चुकीचं सांगितलं,’ मास्तर म्हणाले. ‘माझे कपडे सैल होत नाहीत, कारण मी होऊ देत नाही. ही पँट अशी होती.’

त्यांनी पँट पोटापासून पुढे धरली. मध्ये जी जागा दिसली तिच्यात आणखी एक माणूस मावला असता, आणि तो माणूस मास्तरच होते, गेल्या वर्षीचे.

‘कधीमधी त्रास होत नाही. रोज होतो. पाणी अडकतं.’

डॉक्टर उठून जवळ आल्या. त्यांनी पँटची आतली बाजू हातात घेतली, टाक्यांच्या जुन्या भोकांची एकापुढे एक रांग पाहिली. रागावतील असं मास्तरांना वाटलं. त्या रागावल्या नाहीत.

‘घरी कोणाच्या लक्षात आलं नाही?’

‘घरी मीच असतो.’

गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांनी फाडून टाकली. म्हाताऱ्याला जी तपासणी सांगितली होती तीच सांगितली, त्याच आठवड्यातली. आणि म्हणाल्या, येताना सोबत माणूस आणा, गुंगीचं औषध देतात, एकट्याला सोडत नाहीत.

म्हातारीने स्वतःच्या बटव्यातून सेफ्टी पिन काढून पुढे केली. ‘घ्या भाऊ. खोचा.’ मास्तरांनी आजवर एकाही गिऱ्हाइकाला पिन लावून घरी पाठवलं नव्हतं. त्यांनी ती घेतली, कमरेची घडी घातली, खोचली. ‘तुमच्याबरोबर कोण आलंय?’ तिने विचारलं. मास्तर पिनेशी झटत असल्यासारखं करत राहिले.

बाहेरच्या टेबलावर नर्सने दिवस लिहिला आणि पेन धरून थांबली. ‘सोबत कोण येणार, त्यांचं नाव?’

‘कोणी नसेल तर?’

‘मग तपासणी होत नाही, काका. गुंगीत तुम्हाला रस्त्यावर सोडू का आम्ही? कोणीतरी असेलच की.’

कोणीतरी असेलच. हे वाक्य बोलायला किती सोपं. नियम चुकीचा नाही. माणूस पडला तर धरायला कोणी हवंच. पण ज्याने तो केला त्याच्या घरात माणसं उतू जात असणार, म्हणून नियमाच्या खाली आणखी एक ओळ लिहायची त्याला आठवण झाली नाही: कोणीच नसेल त्याच्यासाठी आम्ही येऊ. ती ओळ नाही म्हणून किती लोक बरे आहोत असं सांगून घरी जात असतील, देव जाणे.

‘लिहा,’ मास्तर म्हणाले. ‘भाऊ.’

तिने लिहिलं. मास्तर जिना उतरून हॉस्पिटलच्या फाटकाजवळच्या कट्ट्यावर येऊन बसले. उन्हात बरं वाटत होतं. फोन काढला, भावाचा नंबर उघडला, बटण दाबलं आणि पलीकडे घंटी वाजायच्या आत बंद केला. डॉक्टरांसमोर, परक्यांसमोर, मुठीत पँट धरून बोलता आलं. तिथे मान खाली घातली तरी त्या परक्यांना मास्तरांची वर असलेली मान माहीत नव्हती. भावाला माहीत होती. पुन्हा नंबर उघडला. समोरून माणसं जात-येत होती, जोडीजोडीने, आणि मास्तर सवयीने त्यांच्या पायांकडे बघत होते, कोणाची पँट बुटावर पडते, कोणाची आखूड आहे.

भावाला विचारलं तर तो येईल. रात्रीची गाडी पकडून येईल, वर ‘आधी का नाही सांगितलंस’ म्हणून भांडेल. विचारायचं तेवढं राहिलंय, आणि मास्तर ते विचारतील याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

म्हणून आता हे तुमच्यावर आलंय. तुमच्या रस्त्यावर असा एक जण आहे. वेळेवर दुकान उघडणारा, कोणाकडे काही न मागणारा, अगदी नेटका. आज त्याच्याकडे जा. कामाची पिशवी घेऊन जाऊ नका. ‘बरे आहात ना’ असं तर मुळीच विचारू नका, त्याचं उत्तर त्याच्याकडे शिवून तयार असतं. स्टूल ओढून समोर बसा, त्याच्याकडे नीट बघा, आणि एवढंच म्हणा: दवाखान्यात कधी जायचंय ते सांगा, सोबत मी येतो.